रात्रीच्या फ्लॅश-शूटची तयारी

रात्री उघड्यावर मॉडेलचे फोटो काढायचे असतील, तर जे काही दिवसाउजेडी ठरवता येईल ते सगळे आधीच ठरवून ठेवावे, कारण अंधारात बॅग चाचपणाऱ्या छायाचित्रकाराची वाट पाहत गारठ्यात उभ्या राहिलेल्या मॉडेलचा कंटाळा फोटोत उतरल्यावाचून राहत नाही.

जागा दोनदा पाहावी: एकदा उन्हात, म्हणजे खड्डे, पायऱ्या आणि लोंबत्या तारा दिसतील, आणि एकदा प्रत्यक्ष शूटच्या वेळी, म्हणजे कोणते दिवे खरोखर लागतात आणि त्यांचा रंग कोणता, हे कळेल. परवानगी लागत असेल तर ती लेखी घ्यावी. आकाशात थोडी निळाई हवी असेल, तर सूर्य मावळण्याच्या आतच फ्लॅशचे स्टँड उभे झालेले असावेत. ती निळाई फार वेळ टिकत नाही.

फ्लॅशचे सेल आदल्या रात्री चार्ज करावेत आणि प्रत्येक फ्लॅशसाठी चारांचा जादा संच वेगळ्या डबीत ठेवावा. ट्रिगरचे, म्हणजे दूरच्या फ्लॅशला कॅमेऱ्यावरून इशारा देणाऱ्या यंत्राचे, सेल मात्र हमखास विसरले जातात; माझे एक संपूर्ण शूट त्यापायी कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशवर भागवावे लागले, आणि चपटे चेहरे व लाल डोळे यांपलीकडे त्यातून काही हाती आले नाही. फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी छत्री लावलेला स्टँड वाऱ्याच्या एका झोताने आडवा होतो, म्हणून वाळूची पिशवी, आणि शक्य तर स्टँड धरणारा माणूस, हवाच.

नारिंगी जेलला, म्हणजे फ्लॅशवर लावायच्या रंगीत पारदर्शक पट्टीला, मी चैन मानत नाही. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर. फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा, तर पिवळसर दिवे ३००० च्या आसपास. जेल न लावता चेहऱ्याचा रंग सुधारला की मागचा रस्ता भडक केशरी होतो. पूर्ण नारिंगी जेल फ्लॅशला सुमारे ३२०० केल्विनवर आणते, आणि व्हाइट बॅलन्सही (कॅमेऱ्यातली रंग जुळवण्याची सोय) तेवढाच ठेवला की दोन्ही प्रकाश जुळतात. पट्ट्या आधीच कापून, रबरबँडसह फ्लॅशच्या पाकिटात ठेवाव्यात.

एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यायचा ते, दोन टप्प्यांत ठरवावे आणि तेही मॉडेल तयार होत असतानाच. आधी फ्लॅश बंद ठेवून फक्त पार्श्वभूमी टिपावी. सुरुवातीला शटर १/६० सेकंद, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ २.८ आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० धरायला हरकत नाही. मग सहायकाला मॉडेलच्या जागी उभे करून फ्लॅश १/१६ पॉवरवर लावावा आणि चेहऱ्यापुरती पॉवर कमीजास्त करावी. सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत वेगवान शटरच्या, आत शटर बदलले तर पार्श्वभूमी उजळते किंवा काळवंडते, फ्लॅशचा प्रकाश जवळजवळ तसाच राहतो. ॲपर्चर आणि आयएसओ मात्र दोहोंवर परिणाम करतात. स्टँड १ मीटरवरून २ मीटरवर गेला की चेहऱ्यावरचा प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून मी स्टँडला दीड मीटरची सुतळी बांधून ठेवतो; मॉडेलने जागा बदलली की सुतळीचे टोक तिच्या हनुवटीजवळ नेऊन स्टँड सरकवायचा आणि सुतळी सोडून द्यायची, म्हणजे पॉवरला हात लावावा लागत नाही.

शटर १/१५ इतके मंद ठेवायचे असेल तर ट्रायपॉड न्यावा, आणि मॉडेलच्या डोक्यामागे लख्ख पाटी येत नाही ना ते पाहावे. मॉडेल थोडी जरी हलली तरी त्या पाटीचा उजेड केसांच्या कडेत शिरतो. मागे काळोख असेल तर हे दिसत नाही, पण मग काळे केस रात्रीत विरून जातात; त्यासाठी दुसरा फ्लॅश मागून, कमी पॉवरवर, लेन्समध्ये डोकावणार नाही असा लावावा.

फोकससाठी छोटा टॉर्च लागतो: तो डोळ्यांत न मारता गालावर धरावा, फोकस साधून मॅन्युअल करावा, म्हणजे कॅमेरा तो आपोआप बदलणार नाही, आणि टॉर्च विझवावा. कॅमेऱ्याच्या पडद्याची चमक कमी करावी, नाहीतर अंधारात प्रत्येक फोटो उजळच वाटतो.

मॉडेलला शाल, सपाट चपला आणि कपडे बदलायची आडोशाची जागा यांची कल्पना आदल्या दिवशी द्यावी, आणि सोबत कोणाला आणायचे असेल तर आणू द्यावे. फ्लॅशचे तोंड वाहत्या रस्त्याकडे कधीही नसावे. बॅगेच्या झाकणाला आतून सामानाची यादी चिकटवावी आणि निघताना टॉर्चच्या उजेडात एकेक वस्तू मोजावी. काळे लेन्स-कॅप गवतात सापडत नाहीत.