मामा तलाव सीएसआरमधून दुरुस्त करताना: आधी तुडूम, मग पोकलेन

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्यात कारखाना, वीज प्रकल्प, खाण किंवा मोठी राईस मिल चालवणाऱ्या कंपनीला शेजारच्या गावासाठी एकच काम धड करायचे असेल, तर आम्ही माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव सुचवू. धानाला पाणी, मासेमारी करणाऱ्या ढिवरांना मासळी आणि शिंगाडा, गुराढोरांना पाणवठा, विहिरींना झिरपा, हे सगळे त्या एका पाळीवर टेकलेले असते. गोंडराजांच्या काळापासून कोहळी समाजाने हे तलाव बांधले. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि दरवर्षीची डागडुजी कोणाचीच राहिली नाही.

कंपन्या या कामात पैसा घालतात तो बहुधा एकाच ठिकाणी, गाळ काढण्यात. एक हेक्टर तळातून एक फूट, म्हणजे 30 सेंटीमीटर गाळ काढला तर 3,000 घनमीटर जागा होते. धानाला एक संरक्षक पाणी साधारण 7.5 सेंटीमीटरचे, म्हणजे हेक्टरी 750 घनमीटर. पाटात निम्मे मुरते असे धरले, तर एवढ्या खोदकामातून जेमतेम दोन हेक्टरला एक पाणी मिळते. आता गळक्या तुडुमाकडे पाहा. तुडूम म्हणजे पाळीखालून पाणी सोडण्याची मोरी. तुडूम बंद असताना पाटात जे पाणी येते त्याखाली 15 लिटरची बादली धरा. ती 15 सेकंदांत भरली, तर गळती सेकंदाला एक लिटर. दिवसाला 86 घनमीटर. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, वाहायचा थांबल्यावर पुढच्या 60 दिवसांत 5,000 घनमीटरच्या वर पाणी गेले, आणि ते नेमके भारी, म्हणजे उशिरा पिकणारे, धान निसवत असतानाचे. म्हणून अंदाजपत्रकात पहिली ओळ तुडुमाची, दुसरी पाळ आणि सांडव्याची, तिसरी पाटाची, आणि गाळ त्यानंतर.

पैशाचे वर्ष आणि तलावाचे वर्ष

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामांवर, म्हणजे सीएसआरवर, खर्चायचे असतात आणि वर्ष 31 मार्चला संपते. तलाव मात्र कोरडा पडतो एप्रिलमध्ये. खाली उन्हाळी धान असेल तर मे उजाडतो. मार्चअखेर खर्च दाखवायच्या घाईत ओल्या तळात मशीन उतरवले की ते रुतते, चिखल ढवळतो आणि बिल मात्र तासांचे लागते. उपाय सोपा आहे. संचालक मंडळाच्या ठरावातच हे काम बहुवर्षीय, म्हणजे ‘ऑनगोइंग’ प्रकल्प म्हणून मंजूर करा. मग उरलेली रक्कम 30 एप्रिलपर्यंत न खर्चलेल्या रकमेच्या वेगळ्या ‘अनस्पेंट सीएसआर’ खात्यात टाकता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्चता येते.

प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे, पण त्या विशिष्ट प्रकल्पाचे सर्वेक्षण, आराखडा आणि देखरेख त्यात मोडत नाही. त्यामुळे अभियंत्याची फी आणि गावात दोन-तीन वर्षे बसणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार प्रकल्पखर्चात उघड दाखवा. तिथे काटकसर करू नका. पुढे देखभालीला लागतील म्हणून एखाद्या संस्थेच्या कॉर्पसमध्ये, म्हणजे कायम निधीत, पैसे ठेवता येत नाहीत. 2021 पासून तो सीएसआर खर्च धरला जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची डागडुजी प्रकल्पातच लिहा. कलम 135 लागू नसलेल्या छोट्या राईस मिलनेही मागे राहू नये. ट्रॅक्टर, डिझेल, मुरूम हे या कामात रोखीइतकेच मोलाचे.

कोणाला विचारायचे

बहुतेक मामा तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाच्या ताब्यात आहेत. त्यांची लेखी परवानगी आणि तांत्रिक मंजुरी नसेल तर पाळीला हात लावू नका. ऑक्टोबरात अर्ज केला तर एप्रिल गाठतो. त्याच वेळी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या. तलावाच्या पोटात गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या गाळात पेरणी, करणारे आणि अतिक्रमण करणारे यांच्यातला फरक मोजणीशिवाय ठरत नाही, आणि मशीन उतरल्यावर तो वाद सोडवायला कोणालाही सवड नसते.

ग्रामसभेचा ठराव 2 ऑक्टोबर किंवा 26 जानेवारीच्या सभेत घ्या. गडचिरोलीत पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा, लागू असलेल्या गावांत टोल्याची, म्हणजे वाडीची, स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. तलाव सामूहिक वनहक्काच्या जागेत असेल तर व्यवस्थापनाचा अधिकार त्या ग्रामसभेचाच आहे. पण ठरावाच्याही आधी ढिवर समाजाच्या मत्स्यव्यवसाय संस्थेकडे जा. तलाव त्यांनी ठेक्याने घेतलेला असतो, आणि तळ रिकामा करायचा म्हणजे त्यांची मासळी आधी निघायला हवी. हे मार्चमध्ये सांगितले तर नुकसान त्यांचे होते, म्हणून दिवाळीपूर्वी सांगा. कुठे खोल डोह ठेवायचा, कुठे शिंगाडा लावतात, मासे अंडी कुठे घालतात, हे नकाशावर त्यांच्याकडूनच खुणावून घ्या.

तुडूम, पाळ, सांडवा

जुने दगडी तुडूम मोडून सिमेंटचा पाइप टाकताना मोठी चूक एकच होते. पाळ कापतात, पाइप ठेवतात आणि वरून माती लोटतात. पहिल्याच पावसात पाणी पाइपाच्या बाहेरून वाट काढते. पाइपाभोवती चिकणमाती 15-15 सेंटीमीटरच्या थरात, ओलवून, धुम्मसाने ठोकून भरा. मध्ये दोन-तीन ठिकाणी काँक्रीटच्या कॉलर द्या. तोंडावर स्क्रू गेट आणि त्याच्यापुढे जाळी.

पाळीवर तलावातला गाळ कधीच चढवू नका. वाळला की त्याला भेगा पडतात, भिजला की घसरतो. गाभ्याला चिकणमाती, बाहेरून मुरूम, आतल्या अंगाला दगडी पिचिंग. पाळीवरचे मोठे झाड उपटू नका, कारण मुळे कुजली की पाण्याला पोकळ नळीच मिळते. उंदराची बिळे आणि वारुळे मात्र खणून, ठोकून बुजवा. सांडव्याची भिंत वाढवून पाणीसाठा वाढवण्याची मागणी गावातून हमखास येते. ती मान्य करू नका. वरच्या अंगाच्या बांध्या, म्हणजे धानाचे बांधलेले तुकडे, बुडतात, आणि अतिवृष्टीत पाणी पाळीवरून गेले तर पाळच जाते.

गाळ काढायचाच असेल तर

तळात सहा ते आठ ठिकाणी मीटरभर लांब-रुंद खड्डे घ्या. वर काळा मऊ गाळ लागेल, खाली घट्ट चिकण थर, त्याखाली मुरूम. चिकण थर फोडला की तलाव गळतो, आणि तो पुन्हा बसवता येत नाही. म्हणून गाळाचा शेवटचा अर्धा फूट तसाच सोडा. पाळीच्या पायथ्यापासून तिच्या उंचीच्या पाचपट अंतर सोडून खणा. पाळ पाच मीटरची असेल तर 25 मीटर. तुडुमाच्या उंबऱ्याखाली जेवढे खणाल ते पाणी उताराने शेतात जात नाही. ते मासळीला आणि गुरांना. त्यामुळे खोल खणायचा तो एकच डोह, ढिवरांनी दाखवलेल्या जागी. काठ बादलीसारखे उभे कापू नका. उथळ उतार राहू द्या, गुरे तिथूनच उतरतात. गोंदिया जिल्ह्यात सारस अशाच उथळ पाणथळीत आणि धानाच्या बांध्यांत राहतो.

मशीनचे पैसे तासावर ठरवू नका, मोजलेल्या घनमीटरवर ठरवा. खोदण्याआधी आणि नंतर 20 मीटरच्या चौकटीत पातळ्या घ्या, आणि मधे न खणलेले मातीचे खुंट मोजणी होईपर्यंत उभे ठेवा. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, पण खणलेला गाळ फुगतो. ट्रॉल्या मोजून खोदकाम काढले तर आकडा चुकतो.

गाळ शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने न्यावा, खोदाई कंपनीची, ही वाटणी चांगली चालते. राज्याच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत अल्पभूधारकांना वाहतुकीसाठी अनुदान आहे. त्यांची नावे आधी नोंदवा, नाहीतर ज्याच्या दारात ट्रॅक्टर त्याच्याच शेतात सगळा गाळ जातो. हलक्या मुरमाड जमिनीत एक इंच थर पुरे. एकराला सुमारे 100 घनमीटर, म्हणजे 36 ब्रास. आधी नमुना साकोली, हिवरा, सिंदेवाही किंवा सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. औष्णिक वीज केंद्राजवळच्या तलावात राख उतरलेली असू शकते. तिथे जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय एकही ट्रॉली शेतात जाऊ देऊ नका. वीटभट्टीला गाळ विकायचा नाही, हे ठरावातच लिहून घ्या.

बेशरमची झुडपे मशीनने तोडू नका. तुकडा जिथे पडेल तिथे फुटतो. जमीन ओलसर असताना मुळासकट हाताने उपटा, पाळीपलीकडे वाळवून जाळा, आणि पुढच्या वर्षीही मजूर लावा. राहिलेले फुटवे त्यातच निघतात.

पहिला पावसाळा

दुरुस्तीनंतरचा पहिला मोठा पाऊस पाळीला तपासतो. जूनपासून रात्रपाळीला दोन माणसे, बॅटरी आणि 200 भरलेल्या रेतीच्या गोण्या पाळीजवळ ठेवा. बाहेरच्या पायथ्याशी स्वच्छ पाणी पाझरत असेल तर खूण करून लक्ष ठेवा. पाणी गढूळ येऊ लागले तर आतून माती वाहते आहे. बाहेरून चिखलाने बोळा घालू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. त्या जागी रेती, मग बारीक गिट्टी टाका, भोवती गोण्यांचे कडे रचून पाणी थोडे चढू द्या, तुडूम उघडून पातळी उतरवा आणि लघु पाटबंधारेच्या शाखा अभियंत्याला बोलवा.

सांडव्याच्या भिंतीवर सेंटीमीटरची पट्टी रंगवा. पाटकऱ्याने दर आठवड्याला पातळी लिहायची, आणि महिन्यातून एकदा तुडुमाखाली बादली धरून सेकंद मोजायचे. ती वही ग्रामपंचायतीत राहील आणि कंपनीच्या अहवालात तिचीच पाने जोडायची.