सगळं डोक्यात ठेवायला लावू नका: सॉफ्टवेअर टीमच्या नेहमीच्या चुका

सॉफ्टवेअरचं रिलीज, म्हणजे नवं व्हर्जन वापरात आणणं, फसलं की आधी 'कोणी केलं?' असं विचारलं जातं. करणाऱ्याला त्या वेळी किती गोष्टींचं भान ठेवावं लागत होतं, हे विचारलं तर जास्त हाती लागतं.

नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर दलाली कंपनीचंच बघा. ऑर्डरी हाताळणारी 'पॉवर पेग' ही सोय त्यांनी २००३ मध्ये वापरायची थांबवली, पण कोड सर्व्हरवर तसाच ठेवला. २०१२ मध्ये नव्या कामासाठी तिचाच जुना फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला आणि दुसऱ्या कोणी तपासावं असा लेखी नियमच नव्हता. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि त्या सर्व्हरवर जुना कोड चालू झाला. ४५ मिनिटं नको त्या ऑर्डरी सुटत होत्या. नुकसान ४६ कोटी डॉलरच्या पुढे गेलं. गंमत म्हणजे बाजार उघडण्याआधीच 'पॉवर पेग' बंद असल्याचा उल्लेख असलेले ९७ ईमेल येऊन पडले होते. ते अलर्ट म्हणून पाठवलेलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

म्हणून बंद पडलेला कोड काढूनच टाका आणि जुन्या फ्लॅगला नवा अर्थ देऊ नका. सगळ्या सर्व्हरवर एकच व्हर्जन आहे ना, हे स्क्रिप्टला तपासू द्या. चढवणारा दमलेला असतो, त्याची नजर भरवशाची नसते. ज्या अलर्टवर कोणी काही करत नाही, तो बंद करा, नाहीतर कामाचा अलर्टही त्याच ढिगात जातो.

दुसरी चूक केटीची, म्हणजे जाणाऱ्याने आपलं काम दुसऱ्याला समजावून देण्याची (नॉलेज ट्रान्सफर). माणूस नोटिस पिरियडवर गेला की शेवटच्या आठवड्यात स्क्रीन रेकॉर्डिंग करून घ्यायचं! संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्येच मांडलं होतं की प्रोग्रॅम म्हणजे तो लिहिणाऱ्यांच्या मनातली समज. कागदपत्रांत ती पूर्ण उतरत नाही. नव्या माणसाला जुन्याच्या शेजारी बसवून खरे बग सोडवू द्या. 'हे असं का केलं?' याची उत्तरं तिथेच मिळतात.

पिंगचं, म्हणजे काम चालू असताना मध्येच मेसेज करून विचारण्याचं, थोडक्यात सांगते. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या मांडणीनुसार माणूस एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरू शकतो. डिबगिंग करणाऱ्याला, म्हणजे कोडमधली चूक शोधणाऱ्याला, 'दोन मिनिटं आहेत का?' विचारलंत, तर त्यातलं काहीतरी निसटणारच. प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती सिस्टिम) पेटलेलं नसेल तर प्रश्न तिकिटावर, म्हणजे टीमच्या कामांच्या नोंदीत, लिहा.