मुंबईत घरी मोठा खाऱ्या पाण्याचा टँक लावायचाय? मासे आणायच्या आधीची सगळी तयारी

पहिला प्रश्न माशांचा नाहीच, बिल्डिंगचा आहे. पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टँक धरा, त्यात साधारण ५६५ लिटर पाणी मावतं, खारं पाणी गोड्यापेक्षा जड त्यामुळे नुसतं पाणीच ५८० किलोच्या घरात, त्यावर १२ एमएम काचेचे शंभरेक किलो, मग दगड, वाळू, खालचा संप (टँकच्या खाली कॅबिनेटमध्ये असते ती फिल्टरची टाकी), स्टँड, असं करत हिशेब नऊशे किलोकडे जातो आणि हे सगळं उभं राहतं जेमतेम दहा स्क्वेअर फुटांवर. राहत्या खोलीचा स्लॅब स्क्वेअर मीटरला २०० किलोच्या आसपास लोड धरून डिझाइन करतात. म्हणजे टँक ठेवला की स्लॅब बसलाच असं अजिबात नाही, वजन आजूबाजूला पसरतं, पण जागा मात्र विचार करूनच निवडायची: भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे, कॉलमच्या जितकं जवळ तितकं चांगलं. हॉलच्या मधोमध नको. आणि आपल्याकडे बाल्कनी आत घेऊन हॉल वाढवलेला असतो ना, त्या वाढवलेल्या भागात तर कधीच नको, कारण तो स्लॅब बाहेर लटकलेला असतो. तीस वर्षांच्या वरच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायला पाहिजे, सोसायटीच्या ऑफिसातून तो रिपोर्ट मागून वाचा, आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला एकदा घरी बोलावून त्याच्याकडून लेखी घ्या. लाकडी तुळयांच्या जुन्या चाळीत एवढा मोठा टँक लावूच नये असं माझं ठाम मत आहे. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जायची चर्चा चालू असेल तरी थांबा, क्लाउनफिश नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, त्याला घेऊन दोनदा भाड्याच्या घरात शिफ्ट होणं म्हणजे त्याचे हाल आणि तुमचेही.

टेप घेऊन लिफ्टचं दार, लिफ्टची आतली तिरकी उंची, जिन्याचं वळण आणि घराचा दरवाजा मोजा, हे ऑर्डर द्यायच्या आधी. वर जाणार नसेल तर काचा सुट्या आणून घरातच सिलिकॉनने जोडून देणारे लोक असतात. ओव्हरफ्लोची भोकं, म्हणजे जिथून टँकचं वरचं पाणी खाली संपमध्ये जातं ती, कुठे हे आधी ठरवा कारण टफन्ड काचेला नंतर भोक पडत नाही, काच तडकते. सिलिकॉन पूर्ण सुकू द्या, मग टँक त्याच्या स्टँडवर, खाली फोम शीट घालून, लेव्हल बघून साध्या पाण्याने काठोकाठ भरा आणि तीन दिवस तसाच सोडा, रोज कोरड्या टिश्यूने खालचे जोड पुसून बघा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना या वेळीच सांगून ठेवा की आमच्याकडे असं असं येतंय आणि काही ओल दिसली तर लगेच बेल वाजवा.

संपबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण मोठ्या टँकचं पाणी घरात येतं ते बहुतेक वेळा काच फुटून नाही, लाइट गेल्यावर येतं. पंप बंद पडला की टँकमधलं पाणी ओव्हरफ्लोच्या लेव्हलपर्यंत खाली संपमध्ये उतरतं. पाच बाय दोनच्या टँकमध्ये लेव्हल एक इंच उतरली की जवळपास २४ लिटर, रिटर्नचं, म्हणजे संपमधून पाणी परत वर आणणाऱ्या पाइपचं, तोंड पाण्यात चार इंच खोल असेल तर तिथून उलटा सायफन लागून शंभर लिटरच्या आसपास खाली, आणि संपमध्ये तेवढी जागा नसेल तर ते थेट फरशीवर आणि फरशीतून काकूंच्या छताला. म्हणून रिटर्नचं तोंड पाण्याच्या जेमतेम खाली ठेवा, पाइपला पाण्याच्या लेव्हललगत छोटं भोक पाडा म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो, आणि सगळं चालू असताना मुद्दाम मेन स्विच बंद करून उभं राहून बघा पाणी संपमध्ये कुठपर्यंत चढतं ते. तिथे मार्करने रेघ मारा. रोज चालू असताना पाणी किती भरायचं हे त्या रेघेवरून ठरवायचं, आणि भोकात शेवाळ अडकतं म्हणून ही टेस्ट दर महिन्याला.

आता पाणी. गिरगाव, जुहू, अक्सा, कुठल्याच किनाऱ्याचं पाणी आणायचं नाही, त्यात सांडपाणी आहे, गाळ आहे आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणा कुठल्या कुठे उतरतो. नळाचं पाणीही थेट नाही. भातसा-तानसा-वैतरणाचं पाणी तसं कमी टीडीएसचं, म्हणजे कमी विरघळलेल्या क्षारांचं, पण त्यात क्लोरीन असतो, आणि उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते तेव्हा काय येतंय ते मीटर लावल्याशिवाय कळत नाही. किचनमधला प्युरिफायर चालत नाही, तो प्यायच्या चवीसाठी थोडे क्षार ठेवतो, आपल्याला आरओनंतर डीआय रेझिन (उरलेसुरले क्षारही काढणारे दाणे) असलेलं युनिट लागतं आणि टीडीएस मीटरवर शून्य आलं पाहिजे. वरच्या मजल्यांवर टाकी जवळ असल्यामुळे प्रेशर मिळत नाही, तिथे बूस्टर पंप जोडा. संप धरून सातशे लिटर पाणी पहिल्यांदा काढायला बरेच दिवस लागतात, फूड ग्रेडचे निळे ड्रम घेऊन ठेवा, आणि आरओतून वाया जाणारं पाणी लादी पुसायला, संडास-बाथरूमला वापरा, पाणीकपातीच्या दिवसांत ते सोडून देणं बरं नाही.

मीठ अॅक्वेरियमचंच, घरातलं किंवा मिठागरातलं नाही, कारण समुद्राच्या पाण्यात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कार्बोनेटचं ठरावीक प्रमाण असतं. पहिल्या भरणीला २५ किलोच्या वर लागेल. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर कॅल्शियम पांढरा गाळ होऊन तळाशी बसतं. ड्रममध्ये पंप सोडून एक दिवस फिरू द्या, मग रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार, बघा आणि तो रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या कॅलिब्रेशन सोल्युशनने सेट केलेला असू द्या. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत मिठाची पिशवी उघडी राहिली की दगड होतो, तेव्हा घट्ट झाकणाच्या बादलीत ओतून ठेवा. आणि रोज जे पाणी उडतं ते फक्त शुद्ध पाण्याने भरायचं, खाऱ्याने नाही. उडतं ते पाणी, मीठ आतच राहतं. ते आपोआप भरणारा ऑटो टॉप-अप लावला तर उत्तमच.

चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय, मुंबईत मोठा रीफ टँक (पोवळ्यांचा टँक) करू नका, हे मी कुणालाही पहिल्या दिवशी सांगतो. आपल्याला पाणी २५-२६ डिग्रीला पाहिजे, मे महिन्यात बंद खोली ३२-३३ ला असते, वर पंप आणि लाइट्सची उष्णता, ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि नेमकं तेव्हाच माशांना तो जास्त लागतो, आणि बरेच दिवस ३० च्या वर राहिलं तर पोवळी पांढरी पडायला लागतात. पृष्ठभागावर पंखे लावून भागवायचा सल्ला कोरड्या गावांसाठी ठीक आहे, आपल्याकडे हवाच दमट, पाणी कमी उडतं म्हणून फारसं थंडही होत नाही. चिलर कॅबिनेटच्या आत कोंबू नका, तो काढलेली उष्णता बाहेर टाकतो, त्याला मोकळी हवा पाहिजे. बिलाचा हिशेब सोपा आहे, १०० वॉटचं यंत्र चोवीस तास चाललं की महिन्याला ७२ युनिट. सगळ्या यंत्रांची बेरीज करून, विजेच्या दराचा स्लॅब कुठला लागतो ते बघून घरच्यांना आधी सांगा.

इलेक्ट्रिशियनकडून या लाइनला वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) टाकून घ्या. बोर्ड टँकच्या वर किंवा बाजूला, खाली नाही, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबवून मग वर न्या म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता तिथेच ठिबकतं. मुंबईत लाइट जात नाही या भरवशावर राहू नका, १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड बसला तेव्हा अनेक भाग तासन्‌तास अंधारात होते, २६ जुलै २००५ तर सगळ्यांच्या लक्षात आहे. इन्व्हर्टरवर निदान वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा छोटा पंप) घ्या, पाण्याचा वरचा थर हलत राहिला की ऑक्सिजन मिळत राहतो, बाकी सगळं काही तास बंद राहिलं तरी चालतं. शिवाय सेलवर चालणारा एअर पंप, आणि त्याचे सेल दर पावसाळ्याच्या आधी बदलायचे.

दगड आणि पोवळी घेताना कायदा नीट समजून घ्या. दगडी पोवळी, समुद्रपंखे, समुद्रघोडे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर खरीखुरी पोवळी आहेत, कोस्टल रोडच्या कामासाठी ती हलवायची तर वन खात्याची परवानगी घ्यावी लागली. त्यामुळे आपल्या समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक (जिवाणू-जीव असलेला दगड) कुणी स्वस्तात देत असेल तर त्याला हात लावायचा नाही. ड्राय रॉक घ्या, अॅरागोनाइट वाळू घ्या, बिल घ्या आणि जपून ठेवा, परदेशी प्राणी साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतला असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही लागते. पहिलं वर्ष नुसते मासे ठेवलेत तरी टँक कुठे कमी पडत नाही.

दगड-पाणी आत गेलं की चार ते सहा आठवडे रिकामा टँक चालवायचा. माशांच्या घाणीतून निघणारा विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया आधी वाढावेत म्हणून. अमोनियाचा सोर्स टाकायचा, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि २ पीपीएम अमोनिया टाकून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टँक तयार. मधे वाळूवर तपकिरी थर येतो, घाबरू नका, जातो.

याच काळात क्वारंटाइनची टाकी लावा, साठ-ऐंशी लिटर, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे तुकडे, वर झाकण, आणि तिची जाळी-बादली वेगळी. प्रत्येक मासा इथे निदान महिनाभर राहणार. खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मोठ्या टँकमध्ये शिरला की सगळे मासे बाहेर काढून अडीच महिने टँक रिकामा ठेवायला लागतो, आणि तांब्याचं औषध तिथे टाकता येत नाही कारण त्याने झिंगे, गोगलगायी, पोवळी मरतात.

घरातल्या सवयींबद्दल सगळ्यांशी बोला, कामाला येणाऱ्या मावशींशी सुद्धा. टँकच्या खोलीत झुरळांचा स्प्रे नाही, धूप नाही, हाताला ओडोमॉस किंवा साबण असताना पाण्यात हात नाही. पालिकेची धूर फवारणी आली की खिडक्या लावायच्या आणि स्किमरचा (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) एअर पाइप बंद करायचा, कारण स्किमर खोलीतलीच हवा ओढून पाण्यात फेसतो, जे हवेत आहे ते थेट माशांच्या पाण्यात. गणपतीला कोकणात जाणार असाल तर मागे कोण येणार, किती खायला घालायचं, कुठला स्विच कधीच बंद करायचा नाही हे कागदावर लिहून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवा आणि खाण्याच्या पुड्या रोजच्या रोज वेगळ्या बांधून द्या.

आता मासे. कुर्ल्याला जा, क्रॉफर्ड मार्केटला जा, पण पहिल्या फेरीत फक्त बघून या. कल्ले भराभर हलतात का, पंख मिटलेले आहेत का, अंगावर कापसासारखं काही आहे का, आणि दुकानदाराला आपल्यासमोर खायला घालायला सांगा, जो मासा खात नाही तो घरी येऊनही खाईलच असं नाही. हॅचरीतले क्लाउनफिश मागा, सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करायचं तंत्र आपल्याकडे बसवलंय, त्यांना टाकीची आणि तयार खाण्याची सवय असते आणि समुद्रातून एकही मासा कमी होत नाही. निळा टँग पोरांना फार आवडतो पण तो फूटभर वाढतो, पाच फुटात त्याला पोहायला जागा नाही, तेव्हा नाही म्हणा. डॅमसेल जातीचे छोटे मासे स्वस्त असतात आणि नंतर बाकीच्यांना जगू देत नाहीत.

पहिली क्लाउनफिशची जोडी क्वारंटाइन संपवून संध्याकाळी लाइट्स बंद झाल्यावर सोडा, दोन्हीकडचा खारेपणा आणि तापमान जुळवून, पिशवीतलं किंवा बादलीतलं पाणी आत न ओतता. पुढचा मासा तीन-चार आठवड्यांनी, अमोनिया तपासून, आणि त्याच्यासाठी क्वारंटाइनची टाकी आत्ताच धुऊन, भरून चालू करून ठेवा.