फिल्टर लावला की रंग का चुकतात? कंडिशनल फॉरमॅटिंगमधल्या या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब मी एक्सेलमध्ये ठेवतो. ७२ फ्लॅट, तीन विंग. थकबाकीच्या कॉलमला कंडिशनल फॉरमॅटिंगचा, म्हणजे अटीत बसणाऱ्या सेलना आपोआप रंग देणाऱ्या सोयीचा, ‘टॉप १०’ नियम लावून मोठ्या रकमा लाल केल्या होत्या. बी विंगच्या बैठकीआधी फिल्टर लावला, तर लाल दिसले दोनच फ्लॅट. बाकीचे आठ ए आणि सी विंगेत, म्हणजे लपलेल्या ओळींत होते.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. फिल्टर ओळी फक्त लपवतो, कंडिशनल फॉरमॅटिंग मात्र त्याही मोजतं. ‘सरासरीपेक्षा जास्त’ आणि ‘डुप्लिकेट’ या तयार नियमांचंही तेच. फिल्टरनंतर एखादं नाव एकदाच दिसत असूनही रंगलेलं असेल, तर त्याची जोडी लपलेल्या ओळीत शोधा.

दिसणाऱ्या ओळींपुरताच रंग हवा असेल तर तयार नियम सोडून फॉर्म्युल्याचा नियम लावा. थकबाकी डी कॉलममध्ये असेल, तर दिसणाऱ्यांतल्या पहिल्या तीन रकमांसाठी (टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं आणि आकडे):

=$डी२>=ॲग्रिगेट(१४,५,$डी$२:$डी$७३,३)

यातला १४ म्हणजे लार्ज (मोठ्यातली कितवी रक्कम ते शोधणं), ५ म्हणजे लपलेल्या ओळी वगळा, शेवटचा ३ म्हणजे तिसरी मोठी रक्कम. एक्सेल २०१० पासून हे फंक्शन आहे. तीनपेक्षा कमी ओळी दिसत असतील तर काहीच रंगणार नाही, तेव्हा घाबरू नका.

एकाआड एक पट्ट्यांचंही असंच. ओळीच्या क्रमांकावर बेतलेला नियम फिल्टर लावताच बिघडतो, दोन-तीन रंगीत ओळी एकाखाली एक येतात. त्याऐवजी हा वापरा:

=मॉड(सबटोटल(१०३,$ए$२:$ए२),२)=०

डॉलरची चिन्हं नीट पाहा. पहिल्या २ आधी डॉलर आहे, दुसऱ्या २ आधी नाही. त्यामुळे प्रत्येक ओळीपर्यंत किती ओळी दिसताहेत ते मोजलं जातं. यातला १०३ म्हणजे दिसणारे, भरलेले सेल मोजा; तो रिकामे सेल मोजत नाही, म्हणून कधीच रिकामा नसणारा कॉलम घ्या. मी फ्लॅट नंबरचा घेतला. आणि नियम लावताना दुसऱ्या ओळीपासून सिलेक्ट करा. शीर्षकासकट सिलेक्ट केलंत तर सगळे रंग एक ओळ सरकतील.

रंगावरून फिल्टर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कोणी पैसे भरले, तुम्ही रक्कम शून्य केलीत, लाल रंग लगेच गेला, तरी ती ओळ यादीत तशीच राहते. फिल्टर आपणहून ताजा होत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एल एकत्र दाबा. हे न करता यादी छापली, तर पैसे भरलेल्या माणसाचं नाव थकबाकीदारांत जातं. ते फार वाईट दिसतं.

एवढं करूनही रंग विचित्र वाटले तर कंडिशनल फॉरमॅटिंगच्या मेनूतलं ‘मॅनेज रूल्स’ उघडून ‘धिस वर्कशीट’ निवडा. ओळी कॉपी-पेस्ट करत राहिलं की एकाच नियमाचे तुकडे पडतात आणि ‘अप्लाइज टू’मध्ये सेलच्या पत्त्यांची रांग लागते. जादा नियम काढा, उरलेल्याला पूर्ण रेंज द्या. यापुढे पेस्ट करताना फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा.