खाऱ्या पाण्यातील नवा मासा: पिशवी उघडण्यापासून मुख्य टाकीपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत खाऱ्या पाण्यातील रंगीत मासे पाळणाऱ्यांना मासा बहुधा दुरूनच मागवावा लागतो. मुंबई, बेंगळुरू किंवा चेन्नईहून निघालेली पिशवी थर्माकोलच्या खोक्यात बंद होऊन रात्रभर ट्रॅव्हल्सच्या गाडीतून येते आणि सकाळी आपल्या हाती पडते. असा मासा टाकीत सोडल्यानंतर चार-सहा दिवसांत दगावला की ‘नाजूक जात होती’ असे म्हणून विषय संपवला जातो. वास्तविक या मृत्यूंमागे बहुतेक वेळा दोनच कारणे असतात. एक म्हणजे पिशवी उघडल्यानंतरच्या तासाभरात झालेली हाताळणी आणि दुसरे म्हणजे माशासोबत आलेला परजीवी. दोन्हींवर उपाय आहे; मात्र त्याची तयारी मासा घरी येण्याच्या आधी पूर्ण झालेली असली पाहिजे.

मासा मागवण्यापूर्वी

सर्वप्रथम विलगीकरणाची वेगळी टाकी तयार करावी. क्लाउनफिश किंवा डॅमसेलसारख्या लहान माशांना साठ-सत्तर लिटरची टाकी पुरते. तिच्यात वाळू, प्रवाळखडक किंवा शिंपले घालू नयेत, कारण परजीवी त्यांत दडतात आणि चुनखडीयुक्त पदार्थ पुढे औषधातील तांबे शोषून घेतात. माशाला लपण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातील पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो उत्तम. हीटर, तापमापक, झाकण, स्पंज फिल्टर आणि अमोनिया मोजण्याचा संच एवढे साहित्य आवश्यक आहे. स्पंज फिल्टर निदान तीन-चार आठवडे आधीपासून मुख्य टाकीत चालवून ठेवावा, म्हणजे अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू त्यात वाढतात. कोरा फिल्टर लावलेल्या टाकीत नवा मासा सोडणे म्हणजे त्याला पुन्हा अमोनियात ठेवणेच होय.

पाण्याबाबत आपल्या भागातील स्थिती ध्यानात घ्यावी. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून मिळणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, तर कूपनलिकेचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यामुळे आरओचे पाणी वापरावे. पण घरातील पिण्याच्या यंत्रात चव येण्यासाठी क्षार परत मिसळण्याची सोय असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणाने) पाणी तपासून पाहावे आणि आकडा शंभराच्या घरात आल्यास ती सोय बंद करून घ्यावी. मत्स्यालयासाठी बनवलेले समुद्री मीठ लिटरमागे सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम घालून ते पंपाने एक दिवस ढवळत ठेवावे. स्वयंपाकाचे मीठ, मग ते खडेमीठ का असेना, येथे चालत नाही, कारण ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. गोव्याहून किंवा कारवारहून समुद्राचे पाणी कॅनमध्ये भरून आणण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात नद्यांच्या मुखाजवळचे पाणी बरेच पातळ झालेले असते आणि किनाऱ्याच्या पाण्यातून काय येईल याची शाश्वती नसते.

आणखी एक गोष्ट आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी असल्याने येथील पाण्यात किनारपट्टीच्या तुलनेत साधारण आठ-नऊ टक्के कमी प्राणवायू विरघळतो, आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी असतो. म्हणून एअर पंप जोरदार असावा आणि पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता राहावा. जून ते सप्टेंबर या काळात खानापूरच्या बाजूला वीज कधीही जाते. तेव्हा बॅटरीवर चालणारा एअर पंप विलगीकरण टाकीशेजारी तयार ठेवावाच.

विक्रेत्याला काय विचारावे

मराठीत विचारा वा कन्नडमध्ये, तीन प्रश्न मात्र अवश्य विचारा: तुमच्या टाकीत पाण्याची घनता (म्हणजे खारेपणाचे माप) किती आहे, मासा कोणते अन्न खातो, आणि त्या पाण्यात सध्या तांबे किंवा अन्य औषध आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे. घरच्या टाकीत घनता १.०२५ च्या आसपास असते. अनेक विक्रेते मात्र परजीवी आटोक्यात राहावेत आणि मिठाचा खर्च वाचावा म्हणून ती १.०१८ ते १.०२० इतकी कमी ठेवतात. मिळालेल्या आकड्याइतकीच घनता आपल्या विलगीकरण टाकीत आधीपासून करून ठेवावी. खारेपणा मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर वापरत असाल तर तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार असलेल्या) प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा. केवळ शुद्ध पाण्यावर शून्य जुळवल्याने वरच्या आकड्यांत चूक राहू शकते.

शक्य असेल तेव्हा बंदिस्त जागेत पैदास झालेलाच मासा घ्यावा. क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशातच विकसित केले आहे, आणि असा मासा कोरडे अन्नही लवकर स्वीकारतो. समुद्रघोडा आणि प्रवाळ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने कोणी ते देऊ केले तरी घेऊ नयेत.

पिशवी हाती आल्यावर

प्रवासात मासा पिशवीतल्या पाण्यात दोन गोष्टी सोडत असतो: कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया. कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू घसरतो आणि घसरलेल्या सामूत अमोनिया बहुतांश अमोनियम या कमी विषारी रूपात राहतो. पिशवी बंद आहे तोवर ही स्थिती माशाला सोसते. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू वर चढतो आणि तोच अमोनियम विषारी अमोनियात बदलू लागतो. सामू ७ वरून ८.२ पर्यंत गेला तर विषारी भाग दहापटीहून अधिक वाढतो. म्हणजे लांबून आलेला मासा उघड्या पिशवीत ठेवून तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसण्याची जी पद्धत सर्रास सांगितली जाते, ती अशा माशाला हळूहळू विषात बुडवते. वरून हवेची नळी सोडली तर ही क्रिया अधिकच वेगाने होते.

म्हणून क्रम असा ठेवावा. खोके मंद प्रकाशात उघडावे आणि टाकीचा दिवा बंद ठेवावा. बंद पिशवी बाहेरून धुऊन विलगीकरण टाकीत वीस मिनिटे तरंगत ठेवावी. नोव्हेंबर ते जानेवारी या महिन्यांत रात्रभराच्या प्रवासात पाणी बरेच गार झालेले असते, तेव्हा अर्धा तास ठेवावी. त्यानंतर पिशवी कापून लगेच थोडे पाणी काढावे आणि घनता मोजावी. टाकीतील पाण्याशी फरक ०.००२ च्या आत असेल तर मासा तात्काळ हलवावा. पिशवीतले पाणी आपल्या पाण्यापेक्षा अधिक खारे असेल तरी फारसे बिघडत नाही, कारण घनता कमी झालेली मासे बऱ्यापैकी सहन करतात. पाणी बरेच कमी खारे निघाले तर माशाला थांबवून ठेवण्याऐवजी टाकीतील काही पाणी काढून त्याच तापमानाचे आरओचे पाणी घालावे आणि टाकीची घनता पिशवीच्या जवळ आणावी. पुढे ती दिवसाला ०.००१ ते ०.००२ या वेगाने वाढवावी. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी भरताना गोड्याऐवजी खारे पाणी घातले की हे काम आपोआप होते.

मासा जाळीने उचलू नये. टँग आणि एंजल यांचे काटे जाळीत अडकून तुटतात, आणि लायनफिशचे काटे विषारी असतात. प्लॅस्टिकच्या भांड्यात किंवा गाळणीत घेऊन तो सोडावा. पिशवीतले पाणी कोणत्याही परिस्थितीत टाकीत ओतू नये.

थेंबथेंब पाणी सोडण्याची पद्धत पूर्णपणे टाकाऊ आहे असे नाही. गावातल्याच दुकानातून किंवा गोव्याहून चोर्ला घाटाने दोन-तीन तासांत आणलेल्या माशाच्या पिशवीत अमोनिया फारसा साठलेला नसतो. तेथे औषधांच्या दुकानात मिळणारी सलाइनची नळी लावून, सेकंदाला दोन-तीन थेंब या गतीने अर्ध्या तासात पाणी दुप्पट करावे आणि मग मासा हलवावा.

पहिले काही दिवस

पहिल्या दिवशी अन्न देऊ नये. दुसऱ्या दिवशी आर्टेमिया किंवा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) अगदी थोडे द्यावे. टँगसाठी नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा चिमट्याला लावून ठेवावा. न खाल्लेले अन्न दहा मिनिटांत नळीने काढून टाकावे. अमोनिया रोज मोजावा आणि तो दिसू लागताच त्याच तापमानाच्या व घनतेच्या ताज्या पाण्याने एकतृतीयांश पाणी बदलावे. तापमान २५ ते २६ अंश राखावे.

या काळातील खरे काम निरीक्षणाचे आहे. सकाळी दिवा लावण्यापूर्वी टॉर्च तिरका धरून माशाच्या अंगावर प्रकाश टाकावा, कारण समोरून न दिसणारे ठिपके आणि धूसरपणा बाजूच्या प्रकाशात उठून दिसतात. कल्ल्यांची हालचाल मोजावी. मासा विश्रांत असताना ती कशी असते हे रोज पाहिले की वाढलेला श्वास लगेच ओळखू येतो.

आजार ओळखणे

सर्वाधिक आढळतो तो क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे पांढरे ठिपके. अंगावर आणि परांवर रव्याच्या कणांसारखे सुटे ठिपके दिसतात. तीन ते सात दिवसांनी ते नाहीसे होतात आणि मासा बरा झाला असे वाटते. नेमकी येथेच फसगत होते. परजीवी माशावरून उतरून तळाशी कवच धारण करतो, आत विभागतो आणि काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनी, शेकडोंच्या संख्येने बाहेर पडून पुन्हा मासा शोधतो. ब्लू टँगला हा आजार चटकन जडतो.

वेल्वेट हा त्याहून घातक. ठिपके इतके सूक्ष्म असतात की कातडीवर पिवळसर धूळ बसल्यासारखी दिसते, आणि अनेकदा ती दिसण्याआधीच मासा प्रकाश टाळू लागतो, प्रवाहाच्या तोंडाशी उभा राहून जोरजोरात श्वास घेतो आणि दोन-तीन दिवसांत दगावतो. क्लाउनफिशच्या अंगावरून चिकट पांढरा थर सुटू लागला, त्याने खाणे सोडले आणि श्वास वाढला, तर ब्रुकलिनेला या परजीवीची शक्यता मोठी. डोळे धूसर होणे, अंग घासणे, डोके झटकणे ही चपट्या कृमींची लक्षणे होत.

उपचार

कृमींची शंका असल्यास गोड्या पाण्यातील स्नान हे निदानही आहे आणि उपचारही. आरओच्या पाण्यात खाण्याचा सोडा घालून सामू ८.२ च्या आसपास आणावा, तापमान टाकीइतके करावे आणि तासभर हवा सोडून ठेवावी. काळ्या तळाच्या टबात मासा पाच मिनिटांपर्यंत ठेवावा. माशाच्या अंगावर पारदर्शक असल्याने न दिसणाऱ्या कृमी गोड्या पाण्यात पांढऱ्या पडतात आणि तिळाच्या आकाराच्या चकत्या होऊन तळाशी गळताना स्पष्ट दिसतात. मासा सुरुवातीला आडवा पडू शकतो. तो सावरत नसेल तर लगेच बाहेर काढावा. अंडी या स्नानाने मरत नाहीत, म्हणून पुढे मत्स्यालयासाठी बनवलेले प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक लिटरमागे २ ते २.५ मिलिग्रॅम या मात्रेत द्यावे आणि आठवड्याच्या आत दुसरी मात्रा द्यावी.

पांढऱ्या ठिपक्यांसाठी, हातात वेळ असेल तर, मी टाकी बदलण्याची पद्धत आधी सुचवेन, कारण तिच्यात औषधच लागत नाही. ७२ तास पूर्ण होण्याआधी मासा संपूर्ण कोरड्या, स्वच्छ टाकीतील नव्या पाण्यात हलवायचा, आणि असे चार वेळा करायचे. परजीवी उतरून कवचात जातो आणि मासा तेथून निघून गेलेला असतो. दोन प्लॅस्टिकचे टब आणि प्रत्येक वेळी वाळवलेले साहित्य एवढ्यावर हे भागते. वेल्वेटवर मात्र ही पद्धत चालत नाही; तेथे तांबेच लागते.

तांब्याचे औषध मत्स्यालयासाठी बनवलेलेच घ्यावे. बोर्डो मिश्रणासाठी शेती सेवा केंद्रात मिळणारे मोरचूद (कॉपर सल्फेट) चिमटीने टाकणे म्हणजे माशाचा जीव पणाला लावणे. साध्या आयनिक तांब्याची मात्रा लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतक्या अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते; त्याखाली परजीवी जगतो आणि त्यावर मासा मरू लागतो. चिलेटेड (अन्य रेणूंशी बांधलेल्या) तांब्याची मात्रा याहून बरीच जास्त असते, म्हणून बाटलीवरील सूचना आणि त्या प्रकाराला लागू पडणारा चाचणी संच दोन्ही हवेत. मात्रा एक-दोन दिवसांत हळूहळू वाढवावी, रोज मोजावी आणि त्याच टाकीत उपचार करत असल्यास सलग ३० दिवस टिकवावी. तांबे चालू असताना अमोनिया दूर करणारी द्रावणे वापरू नयेत. त्यांच्या संयोगाने तांबे अधिक विषारी होते. मँडरिनसारख्या माशांना तांबे सोसत नाही, आणि कोळंबी, शंख व प्रवाळ त्याने मरतात, म्हणून मुख्य टाकीत ते कधीही घालू नये.

ब्रुकलिनेलावर फॉर्मॅलिन प्रभावी आहे; पण ते माणसालाही अपायकारक असून पाण्यातील प्राणवायू घटवते. हातमोजे, मोकळी हवा आणि जाणकाराचे मार्गदर्शन असल्याशिवाय त्याला हात लावू नये. प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना देऊ नयेत.

मुख्य टाकीत सोडताना

मासा चांगला खात असेल आणि उपचार संपल्यानंतर दोन आठवडे कोणतेही लक्षण दिसले नसेल, तर दोन्ही टाक्यांची घनता व तापमान जुळवून, मुख्य टाकीचे दिवे मालवून तो सोडावा. आधीचे मासे हद्द राखणारे असतील तर त्याच दिवशी दगडांची मांडणी थोडी बदलावी. विलगीकरणाची टाकी, नळ्या आणि स्पंज धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावे. पावसाळ्यात ऊन नसेल तर ब्लीचने निर्जंतुक करून पुष्कळ पाण्याने धुवावे. तांबे असलेले पाणी विहीर, ओढा किंवा परसबागेत न टाकता सांडपाण्याच्या नळीत सोडावे. रोग मुख्य टाकीत आधीच शिरला असेल, तर त्यातील सर्व मासे बाहेर काढून उपचार करावेत आणि ती टाकी ७६ दिवस माशांविना चालू ठेवावी. यजमान न मिळाल्याने परजीवी त्या मुदतीत संपतात, आणि कोळंबी, शंख व उपयुक्त जिवाणू तेथेच सुखरूप राहतात.