७ नोव्हेंबरचं भाषण: तीन मिनिटं आणि एक गोणपाट

७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या शाळाप्रवेशाचा दिवस, बऱ्याचदा दिवाळीच्या आगेमागे येतो. म्हणून भाषणाची तयारी सुट्टीआधीच उरका. फराळाच्या ताटापुढं कुठलंच पोर पाठांतर करत नाही.

"अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग" एका ओळीत संपवा आणि सरळ साताऱ्यात उतरा. ७ नोव्हेंबर १९०० ला नऊ वर्षांचा भिवा तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीला दाखल झाला. रजिस्टरात नाव भिवा रामजी आंबेडकर, नंबर १९१४. हा आकडा मुलं सन समजतात. माझ्या एका पठ्ठ्यानं भर स्टेजवर बाबासाहेबांना १९१४ साली पहिलीत बसवलं. तेव्हा ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते! तेव्हापासून मी "एक हजार नऊशे चौदा" असंच म्हणवून घेते.

पदव्यांची यादी गाळा, ती सगळेच म्हणतात. एक वस्तू धरा: गोणपाट. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की वर्गात कोपऱ्यात वेगळं बसायचं, तेही आपल्या गोणपाटावर. झाडलोट करणारा गडी त्याला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचं, सकाळी परत आणायचं. नळाला हात लावायचा नाही. शिपायानं तोटी सोडली तर पाणी, नाहीतर तहान.

हे नुसतं घोकून घेऊ नका. मी मार्केट यार्डातून ज्वारीचं रिकामं पोतं आणवलं आणि अख्ख्या वर्गाला आळीपाळीनं त्यावर बसवून गणितं दिली. (दलित पोरालाच तिथं बसवायचा उद्योग चुकूनही करू नका.) भाषणाची मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी यंत्रमाग, टॉवेलच्या गठ्ठ्यांवर वाढलेली. उठली तेव्हा पोटऱ्यांवर सुतळीची जाळी उमटलेली. "टोचतंय की ओ मॅडम!" मग घरी विचारून पोतं तिच्याबरोबर पाठवलं. सकाळी आल्या आल्या म्हणाली, "टोचण्याचं काय नाही मॅडम, पण रस्त्यात सगळे बघत होते."

ते वाक्य जसंच्या तसं भाषणात घेतलं. तुमच्या मुलाचं वाक्य वेगळं निघेल, तेच ठेवा. व्याकरण सुधारत बसू नका.

घड्याळ लावून तीनदा म्हणवून घ्या. हातवारे नकोत. बोलणं संपलं की गोणपाटाची घडी काखेत मारून खाली उतरायचं, टाळ्यांसाठी थांबायचं नाही.