रेक्टिफायर व्हॉल्व्ह बदलताना: सॉकेटात बसतो म्हणून चालतोच असं नाही

नागपुरात बर्डीवर मोबाइलचा डिस्प्ले पाच मिनिटांत मिळतो, जुन्या रेडिओत आणि अॅम्प्लिफायरमध्ये एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हचं तसं नाही. तो एखाद्या जुन्या मेकॅनिकच्या डब्यातून, भंगारातून नाहीतर ऑनलाइन येतो, आणि देणारा बहुधा सांगतो, "हाही चालतो." ५ व्होल्टचे बहुतेक ऑक्टल (आठ पिनांच्या बेसचे) रेक्टिफायर एकाच सॉकेटात बसतात: फिलामेंट, म्हणजे तापणारी तार, पिन २ आणि ८ वर, प्लेट, म्हणजे जिथे ट्रान्स्फॉर्मरचा एसी येतो, ४ आणि ६ वर. घोळ तिथूनच सुरू होतो. कोणता व्हॉल्व्ह घालायचा हे सॉकेट ठरवत नाही. ते ठरवतात ट्रान्स्फॉर्मर आणि पहिला फिल्टर कंडेन्सर.

जुना का गेला?

हे न शोधता नवा घातला तर तोही त्याच वाटेने जातो. प्लग काढा. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर क्लिपच्या वायरीने पहिल्या कंडेन्सरच्या टोकांना अर्धा मिनिट लावा आणि व्होल्टेज १० च्या खाली आल्याचं मीटरवर बघा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी काढायची जुनी सवय कंडेन्सरलाही वाईट, डोळ्यांनाही.

आता रेक्टिफायर उपसा आणि सॉकेटच्या कॅथोड पिनपासून (जिथून डीसी बाहेर पडतो) चेसिसपर्यंत, म्हणजे सेटच्या पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत, रेझिस्टन्स मोजा. ५ व्होल्टच्या ऑक्टलमध्ये ही पिन ८, ईझेड८० आणि ईझेड८१ मध्ये ३. आकडा हळूहळू चढत वीस-तीस किलोओहमच्या पुढे गेला तर ठीक. ब्लीडर रेझिस्टर (कंडेन्सर रिकामा करायला कायमचा लावलेला) असेल तर त्याच्याच किमतीवर थांबेल, तेही ठीक. काही शे ओहमवर अडकला तर कंडेन्सर शॉर्ट आहे किंवा डीसीची वायर कुठेतरी चेसिसला टेकली आहे.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडचा कपलिंग कंडेन्सर, म्हणजे आधीच्या व्हॉल्व्हचा आवाज पुढे देऊन डीसी अडवणारा. तो गळका झाला की ग्रिड पॉझिटिव्ह होते, आउटपुट व्हॉल्व्ह भसाभसा करंट ओढतो आणि मार खातो रेक्टिफायर. कागदी असेल तर मीटर लावत बसू नका, सरळ बदला.

तीन आकडे जुळवा

फिलामेंटचा करंट, किती डीसी करंट देतो, आणि समोर किती मोठा पहिला कंडेन्सर सोसतो, हे ते तीन आकडे. खाली आधी फिलामेंटचं व्होल्टेज, मग याच क्रमाने हे तीन.

५वाय३जीटी: ५ व्होल्ट, २ अँपिअर, १२५ मिलिअँपिअर, २० मायक्रोफॅरड
५यू४जीबी: ५ व्होल्ट, ३ अँपिअर, २७५ मिलिअँपिअर, ४० मायक्रोफॅरड
जीझेड३४ (५एआर४): ५ व्होल्ट, १.९ अँपिअर; २५० मिलिअँपिअर; ६० मायक्रोफॅरड
ईझेड८०: ६.३ व्होल्ट, ०.६ अँपिअर, ९० मिलिअँपिअर, ५० मायक्रोफॅरड
ईझेड८१: ६.३ व्होल्ट, १ अँपिअर, १५० मिलिअँपिअर, ५० मायक्रोफॅरड

५वाय३ च्या जागी ५यू४ घातला की फिलामेंटच्या वाइंडिंगवर एक अँपिअर जास्त पडतो. सेट वाजतो, कुणाला काही कळत नाही, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या खोलीत ट्रान्स्फॉर्मरचं मेण वास मारायला लागतं. उलट केलंत, म्हणजे ५यू४ च्या जागी ५वाय३, तर मोठ्या अॅम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्हच बिचारा दमतो.

जीझेड३४ ची गंमत वेगळी. फिलामेंट जवळपास तेवढंच, म्हणून लोक तो बिनधास्त घालतात. पण ५वाय३ स्वतःत जेवढं व्होल्टेज खातो, त्याच्या मानाने हा फारच थोडं खातो. १०० मिलिअँपिअरच्या आसपास डीसी व्होल्टेज सहज ३०-४० ने वर जातं. जुन्या सेटमधले ३५० व्होल्टचे कंडेन्सर हे मनावर घेतात. आजच्या काही रशियन ५वाय३ बाबतही सावध राहा. नाव ५वाय३ असलं तरी आत इनडायरेक्ट हीटेड रचना (फिलामेंट वेगळं, कॅथोड वेगळा) असते, त्यामुळे व्होल्टेज अपेक्षेपेक्षा वर भरतं.

ईझेड८० च्या जागी ईझेड८१ चालतो, वाइंडिंगला ०.४ अँपिअर जास्त झेपत असेल तर. ईझेड८१ च्या जागी ईझेड८० नको.

आणि व्हॉल्व्हऐवजी सिलिकॉन डायोड? ३५० व्होल्टच्या वाइंडिंगवर बाकीचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत जवळपास ४९५ व्होल्ट उभे राहतात. ४५० चा कंडेन्सर तेवढ्यात फुगतो.

ट्रान्स्फॉर्मर फार दणकट असेल तर

हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि नवे व्हॉल्व्ह ठिणग्या टाकून जातात ते इथेच. प्रत्येक प्लेटमागे, ट्रान्स्फॉर्मरची वाइंडिंग धरून, किमान काही रेझिस्टन्स असावा लागतो, नाहीतर कंडेन्सर भरताना करंटचा झटका कॅथोड सोलून काढतो. ३०० व्होल्टला ईझेड८१ साठी तो सुमारे २०० ओहम धरा.

मोजायचं असं. सेकंडरीचा अर्धा भाग समजा ११० ओहम, प्रायमरी २५ ओहम. प्रायमरीचा रेझिस्टन्स सेकंडरीकडून किती दिसतो ते काढायला सेकंडरीचं व्होल्टेज ३०० भागिले घरचं २३० म्हणजे १.३, त्याचा वर्ग १.७. २५ गुणिले १.७ म्हणजे साधारण ४२. ११० अधिक ४२ झाले १५२. कमी पडले ४८, म्हणून दोन्ही प्लेटच्या वायरीत ४७ ओहम, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर एकेक.

तिथेच प्रत्येक प्लेटला १एन४००७ चे दोन डायोड एकामागे एक टाकता येतात, पट्टीचं टोक व्हॉल्व्हकडे. व्हॉल्व्हमध्ये उलटी ठिणगी पडली तरी ट्रान्स्फॉर्मर वाचतो. दोन कशाला? २×३५० च्या (दोन्ही अर्ध्यांत ३५०-३५० व्होल्टच्या) वाइंडिंगवर उलटं व्होल्टेज ९९० पर्यंत जातं, आणि एका डायोडची हद्द १०००.

विकत घेताना

काचेच्या आतला चंदेरी डाग बघा. तो आरशासारखा किंवा तपकिरी असेल तर चालेल. पांढरा, दुधाळ झाला असेल तर आत हवा शिरली आहे, फुकटही घेऊ नका. काच बेसमध्ये हलते का ते बघा. ५ व्होल्टच्या ऑक्टलमध्ये २ आणि ८ मध्ये थंड असताना अर्ध्या ओहमच्या आसपास दिसलं पाहिजे. कुठल्याही प्लेटपासून ८ पर्यंत मीटर बोलता कामा नये. व्हॉल्व्ह आडवा धरून बोटाने हलकी टिचकी मारताना हे पुन्हा करा. सैल झालेलं फिलामेंट उभं असताना शहाण्यासारखं वागतं. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह अजून सापडतात आणि चांगले निघतात, पण छपाई पुसलेली असेल तर नंबर विकणाऱ्याच्या तोंडून नाही, प्लेटच्या आकारावरून आणि पिनांवरून ठरवा.

चालू करताना

रेक्टिफायर न बसवता सेट ६० वॅटच्या सिरीज बल्बवरून (म्हणजे मेनच्या एका वायरीत मध्ये बल्ब जोडून) लावा. बल्ब जुना पिवळाच हवा, एलईडी इथे कामाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. मग रेक्टिफायर बसवा, पुन्हा बल्बवर तपासा, आणि शेवटी थेट लावा. फिलामेंटवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. व्होल्टेज सिलेक्टर २२० वर आणि घरात २४० येत असतील तर तिथे ५.४५ दिसतील. सिलेक्टर २४० वर न्या. उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर सुरू असताना मोजलेला आकडा खरा मानू नका, मध्यरात्रीनंतर पुन्हा मोजा.

आउटपुटला ईएल८४ असेल तर त्याच्या कॅथोड रेझिस्टरवरचं व्होल्टेज घ्या. १३५ ओहमवर ७.३ व्होल्ट म्हणजे ५४ मिलिअँपिअर. त्यातले पाच-सहा स्क्रीन ग्रिडचे, उरले ४८ प्लेटचे. प्लेट-कॅथोड २५० व्होल्ट असतील तर बरोबर १२ वॅट, आणि हीच त्याची हद्द.

स्पीकरमधली घरघर १०० हर्ट्झची असेल तर फिल्टरकडे बघा. खोल, ५० हर्ट्झची असेल तर रेक्टिफायरची एक बाजू काम करत नाही.

लाइन गेली की आधी सेटचा स्विच बंद करा. लाइन काही सेकंदांत परत आली तर कॅथोड तापलेला आणि कंडेन्सर रिकामा असतो, व्हॉल्व्हला याहून वाईट वेळ नाही. दोन मिनिटं थंड होऊ द्या, मग लावा.